उशिरा उठलेला हुबेर्नातोर

राजकारण आणि मी, दोघं एकमेकांपासून लांबच राहतो. वर्षातले आठ महिने इंजिन रूममध्ये जातात, तिथे कुठला पुढारी येतोय? तरी युक्रेनच्या एका पुढाऱ्याचे व्हिडिओ मी दोन वर्षं नेमानं पाहिले. भाषेतलं अक्षर कळत नव्हतं.

२०२२ च्या फेब्रुवारीत आमचं जहाज युक्रेनच्या दक्षिणेतल्या मिकोलाइव बंदरात धान्य भरायला लागलं होतं. २४ तारखेला पहाटे रशियाचा हल्ला झाला, धडाके सुरू झाले, बंदर बंद झालं आणि आम्ही अडकलो. आमच्या जहाजावर आणि आसपासच्या बर्थवर मिळून पंचाहत्तर भारतीय खलाशी होते, हा आकडा मला वकिलातीच्या ट्वीटमधून नंतर कळला. गँगवेवर किनाऱ्याकडून नेमलेला एक म्हातारा वॉचमन असायचा. इंग्रजीचे त्याच्याकडे चाळीसेक शब्द. संध्याकाळ झाली की तो खिशातून फोन काढायचा, टेलिग्राम उघडायचा आणि स्क्रीन माझ्यापुढे धरायचा. "किम," एवढंच म्हणायचा.

स्क्रीनवर कोरियन चेहऱ्याचा, चाळिशीचा, हसरा माणूस. सुरुवात ठरलेली: "शुभ संध्याकाळ, आम्ही युक्रेनचे." एका युक्रेनियन गाण्यातली ती ओळ, त्याच्या तोंडून ती देशभर झाली. पुढे दोन-तीन मिनिटांत आज काय झालं, उद्या काय करायचं. मला वाटलं कोणी यूट्यूबर असावा. वॉचमननं मान हलवली. "हुबेर्नातोर." म्हणजे राज्यपाल.

वितालि किम. (एकेरी लिहितोय, कारण अख्खं बंदर त्याला नुसतं किम म्हणत होतं आणि मला तेच बरोबर वाटतं.) जन्म याच गावातला, १९८१ चा. आडनाव कोर्यो-सारामांचं, म्हणजे स्टालिननं १९३७ मध्ये रशियाच्या पूर्व टोकाकडून उचलून मध्य आशियात फेकलेल्या कोरियनांचं. शिक्षण गावच्याच जहाजबांधणी विद्यापीठात, नंतर धंदा. नोव्हेंबर २०२० मध्ये झेलेन्स्कींनी त्याला प्रांताच्या कारभाराचं प्रमुख नेमलं. हे पद निवडणुकीचं नाही. मंत्रिमंडळ नाव सुचवतं, अध्यक्ष सही करतात, आणि अध्यक्षांची मर्जी फिरली की माणूस घरी. राज्यपाल म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे राजभवनातला वयस्क माणूस येतो, तसं हे नाही. रस्ते, दवाखाने, सरकारी पैसा सगळं या खुर्चीखाली येतं. युद्ध लागल्यावर तर त्या कचेरीचं नावच लष्करी प्रशासन झालं.

बंदरातून बघताना त्याचं काम मला पहिल्यांदा दिसलं ते टायरांत. त्यानं लोकांना सांगितलं, जुने टायर चौकाचौकात आणून रचा, रणगाडे आलेच तर पेटवून धूर करू. आमच्या एजंटच्या ड्रायव्हरनं स्वतःच्या गाडीचे हिवाळी टायर नेऊन टाकले. धुरानं रणगाडा किती अडतो, देव जाणे. पण टायर वाहताना घाबरायला वेळ मिळत नाही, हे मात्र त्या ड्रायव्हरकडे बघून कळलं.

२ मार्चला खेरसोन पडलं. तिथून मिकोलाइव जेमतेम साठ किलोमीटर, आणि मिकोलाइवच्या वार्वारिव्का पुलावरून दक्षिण बूह नदी ओलांडली की पुढचा रस्ता थेट ओडेसाचा. रशियन गावाच्या वेशीपर्यंत आले. किम त्या संध्याकाळीही हसत होता. मला तेव्हा त्याचा राग आला होता, खरं सांगतो. बंदरात अडकलेल्या माणसाला दुसऱ्याचं हसू सहन होत नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर वकिलातीच्या बस आल्या आणि आम्ही निघालो. वॉचमननं निरोपाला त्या चॅनलची लिंक पाठवली.

२९ मार्चला मी घरी होतो. सकाळी क्षेपणास्त्र थेट प्रांताच्या नऊ मजली कचेरीवर पडलं. इमारतीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत भगदाड, पलीकडचं आकाश दिसेल असं. पस्तीसहून जास्त माणसं गेली. किम तेव्हा तिथे नव्हता, कारण त्याला उठायला उशीर झाला होता. हे त्यानं स्वतःच सांगितलं. दौरा होता, बैठक होती, असं काहीही सांगता आलं असतं. झोप लागली, असं म्हणाला. माझा राग त्या दिवशी गेला.

याच गावातल्या गोदीत बांधलेली रशियाची 'मोस्क्वा' ही युद्धनौका १४ एप्रिलला बुडाली. वॉचमननं नुसता नांगराचा इमोजी पाठवला. तो तरुणपणी गोदीत वेल्डर होता.

किमचं सगळंच मला पटलं असं नाही. आपल्या सैन्याच्या ठिकाणांची खबर शत्रूला देणाऱ्यांची माहिती द्या, शंभर डॉलर घ्या, असं त्यानं जुलैत जाहीर केलं. ऑगस्टच्या सुरुवातीला फितूर शोधायला शनिवार-रविवार अख्खं शहर बंद ठेवलं. वेढ्यातल्या गावात हे लागत असेलही, पण बक्षीस लावलं की शेजाऱ्याची जुनी भांडणंही फितुरी होतात. मधल्याच ३१ जुलैला घरावर क्षेपणास्त्र पडून धान्यव्यापारी ओलेक्सी वादातुर्स्की आणि त्यांची पत्नी गेली. धान्य वाहणाऱ्या आम्हा लोकांना निबुलोन हे नाव पाठ, त्या कंपनीचे ते संस्थापक.

खरी कसोटी मात्र पाण्याची होती, आणि तिथे हसरे व्हिडिओ पुरत नव्हते. एप्रिल २०२२ मध्ये नीपर नदीवरून येणारी मुख्य जलवाहिनी फुटली. काही आठवडे नळ कोरडे, मग खाडीचं खारं पाणी सोडलं. पिण्याचं पाणी टाक्यांवर रांगा लावून भरायचं. नोव्हेंबरमध्ये खेरसोन सुटलं, तोफा लांब गेल्या, डेन्मार्कनं गावाची उभारणी अंगावर घेतली, तरी नळाला खारंच. खारं पाणी लोखंडी पाइपात घातलं की काय होतं हे इंजिनिअरला सांगायला नको. आम्ही जहाजावर त्यासाठी वेगळ्या धातूचे पाइप वापरतो, तेही गळतात. इथे अख्ख्या शहराचे पाइप आतून कुजत होते. जानेवारी २०२३ मध्ये बरेच हुबेर्नातोर बदलले गेले. किम राहिला, आणि ते पाइपही त्याच्याच गळ्यात राहिले.

वॉचमनचा त्यानंतरचा मेसेज घरच्या गीझरबद्दल होता. वर्षात दुसरा फुटला होता. मी फोटो मागवला, झूम करून पाहिलं, टाकीऐवजी स्वतः गंजणारा आतला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड पार झिजून गेला होता. दर तीन महिन्यांनी तो बदल, टाकी टिकेल, असं सविस्तर लिहून पाठवलं.

उत्तर आलं: "ओके चीफ. किमला पण सांगू?"

मी सेकंड इंजिनिअर आहे, हे त्याला अजून माहीत नाही.