मधोमध काढलेली वाट

जैवमुद्रणाच्या, म्हणजे जिवंत पेशींपासून ऊती छापण्याच्या, प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला नुसत्या आकाराचे अप्रूप फार काळ टिकत नाही. पेशी मिसळलेले जेल सुईतून थरावर थर सोडत गेले की कानाचाही आकार उभा राहतो; खरी अडचण जाडीची असते, कारण प्राणवायू अशा ऊतीत साधारण 100 ते 200 मायक्रोमीटरपर्यंतच पुरेसा पोहोचतो. यकृतपेशींचे आमचे जाड तुकडे त्यामुळे वरून धडधाकट आणि आतून मेलेले निघत.

यावर उपाय म्हणून एका तुकड्याच्या मधोमध आम्ही प्लुरोनिकची रेघ छापली होती. या पदार्थाची तऱ्हा उलटी आहे: खोलीच्या तापमानाला तो घट्ट राहतो आणि गार केला की पातळ होतो. भोवतालचे जेल प्रकाशाने पक्के करून, तुकडा थोडा वेळ बर्फावर ठेवून, ती रेघ सिरिंजने अलगद ओढून घेतली आणि उरलेल्या पोकळ वाटेतून पंपाने गुलाबी पोषकद्रव अगदी मंद गतीने खेळवत ठेवला, कारण दाब जरा वाढला तरी अशी वाट फुटते.

तो तुकडा कापला त्या दिवशी एक मूत्रपिंडतज्ज्ञ प्रयोगशाळा पाहायला आले होते. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी हिरव्या आणि मेलेल्या लाल दिसाव्यात, असे रंग आम्ही वापरतो. वाटेभोवती हिरवे कडे होते, त्यापलीकडे लाल गर्दी आणि बाहेरच्या काठाला पुन्हा हिरवी किनार. आजवर मधोमध हिरवा ठिपकाही न पाहिलेल्या आम्हांला तेवढे कडेच पुष्कळ होते.

डॉक्टरांनी विचारले, "मग मूत्रपिंड कधी छापून देता?"

"डॉक्टर, एका मूत्रपिंडात रक्त गाळणारे सुमारे 10 लाख नेफ्रॉन, प्रत्येकाला स्वतःचा केशवाहिन्यांचा गुच्छ. केशवाहिनी 5 ते 10 मायक्रोमीटरची आणि आमची सुई 200ची. त्या वाहिन्या पेशींकडूनच उगवून घ्याव्या लागतील."

ते हसले, पण त्यांचा पुढचा प्रश्न नेमका होता: औषधाची विषारी मात्रा तपासायला एवढा तुकडा पुरेल का? माझ्या मते या तंत्राचा आजचा खरा उपयोग तिथेच आहे आणि रोपणाच्या गाजावाजात तो झाकला जातो. मात्र त्यासाठीही मधला लाल पट्टा जायला हवा. म्हणून हिरव्या कड्याची रुंदी मोजून, दोन कडी एकमेकांना भिडतील इतक्याच अंतरावर दोन वाटा असलेला पुढचा आराखडा आम्ही त्याच दुपारी काढायला घेतला.