लिनक्स तासाभरात आलं, फाइली अजून चालूच आहेत

मी साताऱ्यात घरून अक्षरजुळणीची कामं करते. संस्थांचे अहवाल, स्मरणिका, वर्षाकाठी एखादा दिवाळी अंक. लॅपटॉप सातव्या पिढीच्या आय-फाइव्हचा, ८ जीबी रॅम, एसएसडी मागाहून बसवलेली. मशीनबद्दल काही तक्रार नव्हती. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. म्हणजे धडधाकट मशीन बाजूला ठेवून नवीन घ्या. सुरक्षा अपडेटची वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, ती घेऊन दिवस ढकलता आले असते. पण दिवाळी अंकाचं काम हातावेगळं झालं होतं आणि पुढचे काही आठवडे मोकळे होते. म्हटलं, आत्ताच काय तो सोक्षमोक्ष लावू आणि विंडोजऐवजी लिनक्सवर, म्हणजे फुकट मिळणाऱ्या दुसऱ्या संगणकप्रणालीवर जाऊ.

लिनक्सची कुठली आवृत्ती घ्यावी यावर लोक महिनोन्‌महिने वाद घालतात. मी मिंट घेतलं. उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स आवृत्तीवर बेतलेलं, २०२९ पर्यंत अपडेट मिळणारं, आणि मेनू डाव्या कोपऱ्यात, जिथे हात आपोआप जातो तिथे. एवढं पुरे होतं.

पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून बघता येतं, लॅपटॉपमधल्या कशालाही हात न लावता. हे फार लोकांना ठाऊक नसतं. तसं चालवून मी आवाज, स्क्रीनचा उजेड, प्रिंटर आणि वायफाय तपासलं. माझा एचपीचा प्रिंटर केबल लावल्या लावल्या ओळखला गेला, वायफाय मात्र दिसेना. ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, असा पेच. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देणं, चालू केलं, मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरने हवा तो ड्रायव्हर सुचवला, तो लावला, काम झालं. ज्यांना फक्त एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे त्यांनी ही फोनची युक्ती ठेवावी.

आधी दोन्ही प्रणाल्या शेजारी शेजारी ठेवल्या. त्यासाठी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करावं लागतं. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवरच्या फाइली नुसत्या वाचता येतात, त्यात बदल करता येत नाही. दुसरी गंमत घड्याळाची. मिंटमधून विंडोजमध्ये गेले तर दुपारी तीन वाजता घड्याळात सकाळचे साडेनऊ. लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आणि मधले साडेपाच तास गडप होतात. टर्मिनलमध्ये एक ओळ टाकून मिंटला सांगता येतं की बाबा, तूही स्थानिक वेळच ठेव.

मिंट बसवणं तासाभराचं, अपडेट वगैरे धरून हे सगळं एका दुपारचं काम होतं. टायपिंगचाही त्रास झाला नाही, कारण मी इन्स्क्रिप्टवाली. तो सरकारी प्रमाण कळफलक असल्यामुळे कुठेही गेलात तरी अक्षरं आपल्या जागेवरच असतात. सेटिंगमध्ये मराठी निवडलं आणि बोटं चालू लागली. ज्यांना इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे त्यांनी आयबस या टायपिंगच्या सोयीत एम१७एन या कळफलकांच्या संचाचे पर्याय बघावेत. त्या यादीत चक्क ‘गमभन’ हे मराठी टायपिंगचं जुनं साधन दिसलं. जुना मित्र भेटावा तसं वाटलं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. माझ्याकडे जुन्या कामांचा मोठा साठा आहे आणि त्यातलं बरंचसं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नाही. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, जो प्रेसवाला जे मागेल ते. या फाँटांची करामत अशी की फाइलमध्ये मराठी नसतंच. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ लिहिलं तर आत साठवलेलं असतं ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. फाँट त्या इंग्रजी अक्षरांना देवनागरीचा मुखवटा चढवतो, एवढंच. फाँट काढला की उरतो इंग्रजी कचरा. हे विंडोजमध्येही तसंच होतं, पण तिथे फाँट सतत हजर असल्यामुळे कधी जाणवलं नव्हतं. मिंटवर पहिली जुनी फाइल उघडली आणि एका सहकारी पतसंस्थेचा अख्खा अहवाल डोळ्यांसमोर कचरा होऊन पडला.

फाँटची फाइल मिंटमध्ये टाकली की अक्षरं दिसतात, पण मला ते नको होतं. मजकूर युनिकोडमध्येच आणायचा होता. प्रचलित फाँटांसाठी तयार परिवर्तक मिळतात. त्यांतले काही साध्या वेबपानाच्या रूपात असतात आणि नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. गिऱ्हाइकाचा मजकूर बाहेर जाऊ द्यायचा नसेल तर तेच बरे. पण परिवर्तकावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार अक्षरानंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलटं. परिवर्तक ही उलटापालट करतो खरा, पण जोडाक्षर आलं की गडबडतो. ‘स्थिती’, ‘पूर्ती’, ‘वार्षिक’ असे शब्द आधी शोधून बघायचे. आणि ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ यांतला ऱ्या तर हमखास मोडतो, कारण हिंदीसाठी बनवलेल्या तक्त्यात तो नसतोच.

लिब्रे ऑफिस या वर्डसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक बारकावा हाती लागला. रूपांतर झालेला मजकूर दिसायला ठीक होता, पण ल आणि श हिंदी वळणाचे. शासनाच्या २००९ च्या निर्णयातला पाकळीचा ल आणि देठाचा श कुठे गेला? मजकुराची भाषा ‘हिंदी’ अशी नोंदली गेली होती. ती ‘मराठी’ केली आणि ज्या फाँटात दोन्ही रूपं आहेत तिथे सगळे ल-श क्षणात वळण बदलून बसले. फाँट तोच, मजकूर तोच. इतकी वर्षं या धंद्यात असून हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पानं लावायला आता स्क्रायबस हे फुकट सॉफ्टवेअर वापरते. पूर्वी त्यात देवनागरी जोडाक्षरं तुटायची, १.५.३ पासून ती नीट जुळतात. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची सवय असलेल्याला पहिले काही दिवस राग येतो, मलाही आला. स्टाइल नीट लावल्या की मात्र काम जोमात होतं. पीडीएफ काढताना फाँटचं रेषांमध्ये रूपांतर करता येतं, त्यामुळे प्रेसकडे फाँट असो-नसो, फरक पडत नाही. आमच्या प्रेसवाल्या काकांना भीतभीतच सांगितलं की मी विंडोज सोडलंय. ते म्हणाले, “ताई, पीडीएफ वेळेत येतीय ना? मग तुमच्याकडं काय चालतंय ते मला नको.”

विंडोज पूर्ण सुटलं मात्र नाही. जुन्या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं कुलूप, म्हणजे डोंगल लागतं. लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या वाइनमध्ये ते चाललं नाही. म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मिंटच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, विंडोज १० टाकलं आणि त्याचं नेट कायमचं तोडलं. डोंगल आत दिसायला आधी स्वतःला ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या गटात घालावं लागतं आणि लॉगआउट करून परत यावं लागतं. पेजमेकरच्या काही फाइली लिब्रे ऑफिस ड्रॉमध्येही उघडतात, मांडणी हलते पण मजकूर हाती लागतो. तेवढ्याने बरंच भागतं.

घरच्यांचं म्हणाल तर सासऱ्यांना बँकेचं पासबुक बघणं आणि कीर्तनं ऐकणं एवढंच हवं असतं, दोन्ही ब्राउझरमध्ये होतं. प्रणाली बदलल्याचं त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

बाकी आहे ते एका शिक्षण संस्थेच्या गौरवग्रंथाचं बाड. त्यात वापरलेल्या फाँटचा तयार परिवर्तक कुठेच सापडला नाही, म्हणून छापील प्रत शेजारी ठेवून कुठल्या इंग्रजी अक्षराला कुठलं मराठी अक्षर, याचा तक्ता मीच बनवते आहे. क्ष, ज्ञ, ष्ट, ष्ठ झाले. द्ध आणि द्व एकाच चिन्हावर येतायत असं दिसतंय, ते आधी सोडवायचं आहे.