मिन्मसवर ब्रेक लवकर दाबा

कर्बल स्पेस प्रोग्रॅम या अंतराळ-मोहिमांच्या कॉम्प्युटर गेममध्ये बहुतेकांची मेहनत रॉकेटवर जाते. उतरायचं, झेंडा रोवायचा, नमुने गोळा करायचे आणि परतीची वाट धरायची. पण उतरल्यावर चाकांवर पुढे निघण्यात जी मजा आहे, ती कक्षेत घिरट्या घालण्यात नाही, असं माझं ठाम मत आहे. कक्षेतली गणितं एकदा जमली की जमली. जमीन मात्र दर शंभर मीटरला बदलते.

रोव्हर, म्हणजे दुसऱ्या ग्रह-चंद्रांवर फिरायची गाडी, चालवताना खरी टंचाई पकडीची असते, मोटरची ताकद भरपूर पुरते. चाकाची पकड त्यावर पडणाऱ्या वजनावर ठरते आणि कर्बिन या गेममधल्या पृथ्वीच्या दोन चंद्रांपैकी मुनवर गुरुत्वाकर्षण 1.63 मी/से², मिन्मसवर तर जेमतेम 0.491. घर्षण गुणांक 1 धरा आणि 20 मी/से वेगाने जाताना पूर्ण ब्रेक दाबा. कर्बिनवर गाडी साधारण 20 मीटरमध्ये थांबेल, मुनवर 123 मीटर लागतील आणि मिन्मसवर 400 च्या पुढे. तेही सपाटीवर. मुनवर 20 अंशांच्या उतारावरून नुसत्या 10 मी/से वेगाने येत असाल तरी थांबायला 50 मीटर हवेत. विवराची कड दिसल्यावर ब्रेक शोधायचा नसतो, तो त्याआधीच दाबलेला असावा लागतो.

म्हणून मुनवर नवख्याने 8 ते 10 मी/सेच्या वर जाऊ नये. तुलनेसाठी सांगतो: अपोलो 17 च्या चांद्रगाडीचा युजीन सर्ननने गाठलेला वेग ताशी 18 किलोमीटर, म्हणजे 5 मी/से होता. खऱ्या चंद्राचं गुरुत्वाकर्षण मुनइतकंच, 1.62.

गाडी उलटण्यामागे बहुतेक वेळा कीबोर्ड असतो. नेहमीच्या मोडमध्ये डब्ल्यू दाबलं की चाकं पुढे फिरतात, पण त्याच वेळी रिअॅक्शन व्हील (यानाला जागच्या जागी वळवणारा भाग) गाडीचं नाक खाली दाबतं. कर्बिनवर हे जाणवतही नाही. मिन्मसवर मागची चाकं अलगद जमिनीवरून उठतात, त्यांची पकड तिथेच जाते, आणि पुढचं चाक एखाद्या उंचवट्याला लागलं की गाडी कोलांटी खाते. यावर तीन उपाय आहेत. प्रोब कोअरच्या (चालकाशिवाय गाडी चालवणाऱ्या संगणकाच्या) मेनूतून रिअॅक्शन व्हील बंद करा, किंवा डॉकिंग मोडमध्ये (यानं एकमेकांना जोडतानाच्या नियंत्रणात) चालवा, किंवा सेटिंग्जमध्ये चाकांसाठी वेगळ्या कळा ठरवा. मी तिसऱ्याच्या बाजूने आहे. कारण उडी बसल्यावर हवेत (हवा नसली तरी शब्द हाच तोंडी येतो) गाडी सरळ करायला तेच रिअॅक्शन व्हील लागतं, आणि त्या काही सेकंदांत मोड बदलत बसायला वेळ नसतो.

डब्ल्यू दाबल्यावर गाडी मागेच जात असेल तर कोअर उलटा बसला आहे. योग्य दिशेच्या भागावर राइट-क्लिक करून 'कंट्रोल फ्रॉम हिअर' निवडलं की काम होतं. पण हे हँगरमध्येच, म्हणजे गाडी बांधतानाच, तपासलेलं बरं.

बांधणीत रुंदी हवी आणि बुटकेपणा हवा. वळणावर गाडी उलटणार की नुसती घसरणार, हे दोन चाकांमधल्या अंतराचं अर्ध आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरतं. हे गुणोत्तर चाकांच्या घर्षणापेक्षा कमी असेल तर गाडी उलटते, जास्त असेल तर घसरते. गंमत म्हणजे यात गुरुत्वाकर्षण कुठेच येत नाही, मुनवर उलटणारी गाडी कर्बिनवरही उलटणारच. फरक एवढाच की कर्बिनवर 10 मी/से वेगाने 10 मीटर त्रिज्येचं वळण निभतं, मुनवर त्याच वेगाला 60 मीटर लागतात. घसरलेली गाडी सावरता येते, उलटलेली अवघड. त्यामुळे बॅटऱ्या आणि जड भाग चाकांच्या मधे, शक्य तितके खाली लावा आणि फ्रिक्शन कंट्रोल ऑटोवरून काढून थोडं थोडं कमी करत बघा. पुढच्या चाकांचं मागच्यांपेक्षा किंचित कमी ठेवलं की गाडी गिरकी घेण्याऐवजी रुंद वळते. स्लायडर दिसत नसतील तर सेटिंग्जमध्ये अॅडव्हान्स्ड ट्वीकेबल्स चालू करा. पुढच्या चाकांचा ब्रेकही कमी ठेवायचा, नाहीतर गाडी नाकावर उभी राहते.

मागच्या चाकांचं स्टिअरिंग वेगात बंदच असावं. ते एखाद्या अॅक्शन ग्रुपवर, म्हणजे एका कळीवर, टाका, दगडांतून वाट काढताना पुन्हा लागतं. खऱ्या चांद्रगाडीलाही पुढे-मागे दोन्हीकडे स्टिअरिंग होतं, आणि अपोलो 15 च्या पहिल्या फेरीत पुढचं चाललंच नाही तेव्हा मागच्यावर भागलं.

आता उडी. 20 मी/से वेग आणि 10 अंशांचा चढ अचानक संपला, की मुनवर तुम्ही चार सेकंद अधांतरी असता आणि 80-85 मीटर पुढे पडता. मिन्मसवर हेच 14 सेकंद आणि जवळजवळ 280 मीटर होतात, बारा मीटर उंचीवरून. सगळं संथ घडतं. नाक हळूहळू खाली झुकतं, सावली खालच्या पोपटी बर्फावरून पुढे सरकत राहते, आणि तुम्ही गाडी उतरणीला समांतर करत असता. चारही चाकं एकदम टेकायला हवीत, तीही प्रवासाच्या दिशेला सरळ, आणि त्या क्षणी स्टिअरिंगची कळ सुटलेली हवी. वाकडं चाक टेकलं की टायर फुटतो किंवा गाडी लोळते. फुटलेल्या टायरसाठी अनुभवी इंजिनिअर आणि रिपेअर किट बरोबर ठेवा, आणि चढाआधी एफ5 दाबून खेळ सेव्ह करा.

विजेचं थोडक्यात. उघडणारी सौर पॅनल रोव्हरवर नकोत, पहिल्या लोळणीत मोडतात. ओएक्स-स्टॅट या न उघडणाऱ्या पॅनलच्या सपाट पट्ट्या वर आणि दोन्ही बाजूंना लावा. एकीतून सूर्य नीट समोर असताना विजेचे 0.35 युनिट प्रति सेकंद मिळतात. मुनवरची रात्र 19 तासांची असते, तेव्हा अंधारात जायचं तर आरटीजी (किरणोत्सर्गी इंधनावरचा वीजजनक) हवा. तो 0.8 देतो, म्हणजे थांबत थांबत चालावं लागतं. चार्जिंगसाठी पूर्ण थांबा आणि टाइम वॉर्प लावा, म्हणजे खेळातला वेळ वेगाने पळवा, चालत्या गाडीला साधा वॉर्प मिळत नाही. फिजिक्स वॉर्प मिळतो, पण खडबडीत जमिनीवर तो लावून चाकं गमावू नका.

पहिल्या मोहिमेला मिन्मसचं ग्रेट फ्लॅट्स हे गोठलेल्या तळ्यासारखं मैदान घ्या. तिथली जमीन काचेसारखी सपाट आहे, उंची शून्य मीटर, आणि कडेला उतार, मिडलँड्स, हायलँड्स असे वेगळे बायोम (भूप्रदेशाचे प्रकार) हाताशी असल्याने विज्ञानाचे गुणही भरभर जमतात. हात बसला की मिन्मसची पूर्ण प्रदक्षिणा करा. घेर 377 किलोमीटर, सरासरी 20 मी/से धरली तर सव्वापाच तास. सपाट तळी एकमेकांना जोडत मार्ग आखा, पश्चिमेकडे निघा म्हणजे सूर्य जास्त वेळ डोक्यावर राहतो, आणि तळ्यातून डोंगर चढण्याच्या अर्धा किलोमीटर आधी वेग निम्मा करा.