आमची वाटचाल : डेटम बदलण्याचं काम

सर्वेक्षणाचा डेटा एका कोऑर्डिनेट सिस्टिममधून (जागा आकड्यांत सांगण्याच्या पद्धतीतून) दुसरीत नेऊन देणं हे आमच्या छोट्या फर्मचं मुख्य काम. सुरुवातीला सगळा भर प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्यावर असायचा: यूटीएमचा (पृथ्वीचे उभे पट्टे करणाऱ्या प्रक्षेपणाचा) झोन कोणता, एकक मीटर की फूट. तो भाग सॉफ्टवेअर चोख करतं, कारण प्रक्षेपण हे ठरलेलं गणित आहे. डेटम, म्हणजे आकडे पृथ्वीच्या ज्या संदर्भावरून मोजतात तो, बदलताना मात्र त्याच दोन डेटममध्ये अनेक ट्रान्सफॉर्मेशन (आकडे बदलण्याची सूत्रं) उपलब्ध असतात. प्रत्येकाचा प्रदेश वेगळा, अचूकता वेगळी, आणि त्यातलं एक विचारपूर्वक निवडावं लागतं. आमचं काम वाढत गेलं ते या निवडीभोवतीच.

फाइल आली की आजही आधी आकडे वाचतो. सोबत कोऑर्डिनेट सिस्टिम सांगणारी पीआरजे फाइल नसेल आणि आकडे १८० च्या आत असतील, तर बहुधा अंश. एक आकडा पाच लाखांच्या आसपास असेल, तर यूटीएमचा संशय घ्यायचा, कारण तिथे मध्य रेखावृत्ताला ५,००,००० मीटर दिलेले असतात. नकाशाच्या सॉफ्टवेअरांपैकी आर्कजीआयएस प्रोमधलं ‘डिफाइन प्रोजेक्शन’ किंवा क्यूजीआयएसमधलं ‘असाइन प्रोजेक्शन’ फक्त नाव लावतं, आकडे हलवत नाही. आकडे बदलतात ‘प्रोजेक्ट’ आणि ‘रीप्रोजेक्ट’. ही दोन कामं उलटसुलट झाली, की अंशांतल्या फाइलवर वेब मर्केटरचं (वेब नकाशांच्या, मीटरमधल्या प्रक्षेपणाचं) नाव बसतं आणि अख्खा लेअर गिनीच्या आखातात, शून्य अक्षांश-रेखांशाजवळ जाऊन पडतो.

पुढचा टप्पा पॅरामीटरचा. तीन पॅरामीटरचं ट्रान्सफॉर्मेशन डेटमचं केंद्र सरकवतं. सात पॅरामीटरचं त्यात फिरवण्याचे तीन कोन आणि एक स्केल घालतं. हे सात आकडे हातानं भरायचे असतील, तर ‘पोझिशन व्हेक्टर’ आणि ‘कोऑर्डिनेट फ्रेम’ यांपैकी पद्धत कोणती ते आधी पाहावं. दोन्हींत कोनांची चिन्हं उलट असतात. विषुववृत्तावर एक सेकंद कोन म्हणजे सुमारे ३१ मीटर. चिन्ह उलटं लागलं तर चूक त्या कोनाच्या दुप्पट.

सात पॅरामीटरनाही मर्यादा आहे. जुनी त्रिकोणीकरणाची जाळी सगळीकडे सारखी ताणलेली नसते, म्हणून एकच सूत्र पूर्ण देशाला बसत नाही. ब्रिटनच्या ओएसजीबी ३६ या डेटमसाठी सात पॅरामीटर खऱ्या जागेच्या काही मीटर जवळ नेतात. ओएसटीएन १५ ही ग्रिड फाइल (जागोजागचा फरक नोंदवलेला तक्ता) त्याहून पुष्कळ जवळ नेते. म्हणून ग्रिड उपलब्ध असेल, तर आम्ही तीच वापरतो. ती संगणकावर आहे का, हे मात्र तपासावंच लागतं. २०१९ मध्ये क्यूजीआयएस हे गणित जिच्याकडून करून घेतं त्या प्रोज लायब्ररीची सहावी आवृत्ती आली आणि क्यूजीआयएसमध्ये पर्यायांची यादी अचूकता आणि प्रदेशासह दिसू लागली. ग्रिड नसलेल्या ओळी फिकट दिसतात. सेटिंगमध्ये ‘अनेक पर्याय असतील तर विचारा’ ही खूण आम्ही कायम चालू ठेवतो. ‘बॉलपार्क’ असं लिहिलेला पर्याय डेटमचा फरक मोजतच नाही. तो हिशेबात धरू नये. आर्कजीआयएस प्रोमध्ये ‘प्रोजेक्ट’ टूलमधला ‘जिऑग्राफिक ट्रान्सफॉर्मेशन’ हा रकाना भरावा; नकाशाच्या गुणधर्मांतली निवड फक्त पडद्यावरच्या दर्शनापुरती असते. नावात दिशा एकच लिहिलेली असली तरी सॉफ्टवेअर उलट दिशेनंही तेच वापरतं.

सगळ्यात फसवा सापळा डब्ल्यूजीएस ८४ ला, म्हणजे जीपीएसच्या जागतिक डेटमला, मधला थांबा करण्याचा. ऑस्ट्रेलियाचे जीडीए ९४ आणि जीडीए २०२० हे डेटम भूपट्टाच्या सरकण्यामुळे एकमेकांपासून सुमारे १.८ मीटर दूर आहेत. पण दोन्हींपासून डब्ल्यूजीएस ८४ कडे जाणारी शून्य पॅरामीटरची ट्रान्सफॉर्मेशनही यादीत असतात. त्या वाटेनं गेलं, की बदल शून्य होतो, एकही सूचना येत नाही आणि पूर्ण फरक तसाच राहतो. अशा कामात आम्ही थेट जाणारं ट्रान्सफॉर्मेशनच घेतो आणि निरीक्षणाचा काळ विचारून घेतो.

तपासणीसाठी दोन्ही कोऑर्डिनेट सिस्टिममधले आकडे ठाऊक असलेले बिंदू घेतो, चार कोपऱ्यांना आणि एक मध्ये. फरक सगळीकडे सारखाच आला, तर डेटमचं सरकवणं राहिलंय. फरकाची दिशा गोल फिरत असेल, तर कोनांकडे पाहा. मूळ बिंदूपासूनच्या अंतराबरोबर वाढत असेल, तर स्केल किंवा एकक. अमेरिकन सर्व्हे फूट आणि आंतरराष्ट्रीय फूट यांत दहा लाखांत फक्त दोनाचा फरक आहे, पण २०,००,००० फुटांच्या निर्देशकावर तो चार फूट होतो.

प्रत्येक फाइलसोबत आम्ही दोन्ही बाजूंचे ईपीएसजी क्रमांक (कोऑर्डिनेट सिस्टिमचे प्रमाणित ओळखक्रमांक), ट्रान्सफॉर्मेशनचं पूर्ण नाव, ग्रिड फाइलची आवृत्ती आणि तपासबिंदूंवरचा फरक देतो. उंचीचं काम वेगळं धरतो: जीपीएस एलिप्सॉइडवरची (पृथ्वीच्या गणिती, किंचित चपट्या गोलावरची) उंची देतं, समुद्रसपाटीशी नातं जिऑइड मॉडेलमधून (सरासरी समुद्रसपाटीच्या मॉडेलमधून) जोडावं लागतं, आणि त्यासाठी ईजीएम ९६ हे मॉडेल वापरलं की ईजीएम २००८ हे त्याच कागदावर लिहावं लागतं.