रोज उठल्याची वेळ कळवणारा माणूस

मंगळवार, रात्री

जेवणं उरकल्यावर आज परत ऑन कावारा या चित्रकाराचं काम उघडून बसले. गेले काही दिवस डोक्यात हाच माणूस आहे. जन्म जपानमधला, १९३२ चा, १९६० च्या दशकात न्यूयॉर्कला येऊन राहिला आणि तिथून आयुष्यभर जगभर फिरत राहिला. प्रवास या विषयावरची समकालीन कला म्हटलं की मला आधी ते भलंमोठं इन्स्टॉलेशनच आठवतं, छताला टांगलेल्या सुटकेसा, नकाशे, होड्या वगैरे. आणि याने काय केलं, तर रोज दोन पोस्टकार्डं टाकली.

१९६८ साली मेक्सिकोत असताना सुरू केलं आणि १९७९ पर्यंत चालू ठेवलं. ज्या गावात असेल तिथलं टूरिस्ट लोकांसाठीचं साधं पिक्चर पोस्टकार्ड घ्यायचं, मागे तारीख, स्वतःचं नाव, उतरल्या जागेचा पत्ता, ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता आणि 'आय गॉट अप ॲट' म्हणून पुढे उठल्याची वेळ, हे सगळं रबरी शिक्क्याने उमटवायचं. सही नाही, 'कसे आहात' नाही, हवा कशी आहे, काय पाहिलं, काय खाल्लं, काही म्हणजे काही नाही. म्युझियमच्या साइटवर यातली कार्डं मोठी करून बघता येतात. पुढच्या बाजूला तेच ते, उंच इमारती, पूल, निळंशार आकाश, कुठल्याही प्रवाशाने विकत घेतलं असतं असं चित्र, आणि मागे काळी कॅपिटल अक्षरं. वेळा बघत गेलं की मात्र गुंतायला होतं. कधी सकाळी सकाळी, कधी पार दुपार उलटल्यावर. मग आपोआप मनात येतं की रात्री झोपला कधी असेल, आदल्या दिवशी काय केलं असेल, तब्येत बरी होती ना?

याच वर्षांत आणखी दोन गोष्टी चालू होत्या. 'आय वेंट' म्हणजे त्या त्या शहराच्या नकाशाच्या झेरॉक्सवर दिवसभर जिथे जिथे गेला तो रस्ता लाल पेनने आखायचा, आणि 'आय मेट' म्हणजे त्या दिवशी भेटलेल्या माणसांची नावं टाइप करून ठेवायची. उठलो, गेलो, भेटलो, संपला दिवस. मला स्वतःला नकाशे सगळ्यात आवडतात. परक्या शहरात आपण आधी हॉटेलच्या आसपास दोन गल्ल्याच फिरतो, मग हळूहळू लांब जायला लागतो, ते त्या लाल रेषेत अगदी दिसतं.

बरं हे एका बाजूला, आणि दुसरीकडे तारखांची चित्रं. ४ जानेवारी १९६६ ला पहिलं. एका रंगाच्या कॅनव्हासवर पांढऱ्या अक्षरात फक्त त्या दिवसाची तारीख, हाताने रंगवलेली, स्टेन्सिल नाही. रात्री बारापर्यंत पुरं झालं नाही तर ते नष्ट करायचं. अशी जवळजवळ ३,००० चित्रं, १०० च्या वर शहरांत केलेली, म्हणजे हॉटेलच्या खोलीत रंग घेऊन बसलेला हा. पुठ्ठ्याचा एक डबा पण स्वतः करायचा चित्रासाठी आणि त्यात बऱ्याचदा त्या दिवसाच्या तिथल्या पेपरचं कात्रण. तारीख लिहायची ती ज्या देशात आहोत तिथल्या भाषेत, पण जिथली लिपी रोमन नाही तिथे एस्परान्तोत, म्हणजे कुठल्याच देशाची नसलेल्या, मुद्दाम बनवलेल्या भाषेत. आणि हे जपानलाही लागू! आपल्या मायदेशात गेला तरी तारीख एस्परान्तोत. हे वाचलं तेव्हा गलबलून आलं मला. एवढं फिरल्यावर माणूस कुठलाच राहत नाही की काय.

लोक या कामाला कोरडं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. ही कार्डं तिजोरीत नाही ठेवली त्याने, रोज कुणाला तरी पाठवली, मित्रांना, ओळखीच्या चित्रकारांना. १९७० पासून तर 'आय ॲम स्टिल अलाइव्ह', मी अजून जिवंत आहे, एवढ्याच मजकुराच्या तारा करायला लागला, सोल लेविटसारख्या कलाकाराला तशी तार गेली होती. जिवंत आहे हे कळवावंसं वाटतं ते कुणाला? ज्याला आपली काळजी आहे असं वाटतं त्यालाच ना.

आमचे बाबा एमआर होते, औषध कंपनीचे फिरते प्रतिनिधी. महिन्यातले कितीतरी दिवस टूरवर, अकोला, वाशिम, रिसोड, पुसद. घरात फोन नव्हता. एसटीतून उतरून लॉजवर बॅग टाकली की पंधरा पैशाचं कार्ड, 'सुखरूप पोचलो. जेवण ठीक. उद्या रिसोड. काळजी नसावी. चि. बाळास आशीर्वाद.' दर वेळी हेच. आई ती कार्डं स्वैपाकघराच्या दारामागे तारेला खोचून ठेवायची, मधोमध भोक पडलेली ती चवड अजून तिच्याकडे आहे. कावाराची कार्डं बघताना मला ती तार आठवली आणि मग संध्याकाळी आईला फोनवर सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं मग बरोबर आहे की त्याचं. ह्यांनी कधी लिहिलं का काय पाहिलं ते? अक्षर बघितलं की मला कळायचं दमलेत का नाही ते." मी म्हटलं त्याचं अक्षर नाही गं, शिक्का आहे. त्यावर ती थोडा वेळ गप्प, मग म्हणे, "मग वेळेवरून कळत असेल."

किती लेख वाचले मी, पण हे एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

अजून एक लिहून ठेवायचंय, नाहीतर विसरेन. कावारा मुलाखती देत नसे, स्वतःचे फोटो छापू देत नसे. २०१४ साली गेला, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये मोठं प्रदर्शन झालं, आणि त्याच्या परिचयात आयुष्य वर्षांत नाही, दिवसांत मोजलेलं आहे, २९,७७१ दिवस. आणि १ ते ७ जानेवारी १९९७ ची सात चित्रं वेगवेगळ्या देशांतल्या बालवाड्यांमध्ये नेऊन लावली, चार ते सहा वर्षांची पोरं जिथे खेळतात त्या वर्गात. म्हणजे माणसाबरोबर चित्रंही प्रवासाला निघाली. हे मला फार म्हणजे फारच आवडलं.

रविवारी आईकडे जातेय. बाबांची सगळी कार्डं तारखेप्रमाणे लावायची, जिथे पोस्टाचा शिक्का पुसट झालाय तिथे आईला विचारून गावाचं नाव पेन्सिलने लिहायचं आणि विदर्भाचा मोठा नकाशा आणून त्यावर लाल पेनने बाबांची टूर आखायची. आईने आत्ताच बजावलंय की तारेतून कार्डं काढताना फाडू नकोस, आणि यवतमाळचं एक कार्ड देवघराच्या खणात वेगळं ठेवलंय, ते पण घे.