कानाला मशीन लावलेल्या बाबांसाठी नाटकाची खुर्ची शोधताना

विनोद झाला की आधी सगळं थिएटर हसतं आणि मग बाबा हसतात, हे मला एका रविवारी रात्री दिसलं. अर्ध्या क्षणाचा फरक. ते आधी माझ्याकडे बघायचे, मी हसतेय का ते पाहायचे आणि मग हसायचे. वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचलेलंच नव्हतं. मध्यंतरात म्हणाले, "डोकं जड झालंय गं, आपण निघू या का?" आम्ही निघालो. रिक्षात ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले, की आता यापुढे नाटकाला आपण नको, उगाच पोरीचे पैसे जातात.

ज्याला नाटकाचं वेड नाही त्याला यातलं दुःख कळायचं नाही. बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झालं आणि २६ जून १९६८ला ते उघडलं. बाबा तेव्हा एकवीस वर्षांचे होते. तेव्हापासून पुण्यात नाटक लागलं आणि बाबांनी ते पाहिलं नाही, असं फार कमी वेळा झालं. स्वस्तातलं तिकीट काढून बाल्कनीत बसायचे, पगार वाढला तसे खाली आले. आम्हा भावंडांना तिसऱ्या घंटेची शिस्त त्यांनीच लावली. आज ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि दोन वर्षांपासून दोन्ही कानांना मशीन आहे.

त्या रात्रीची तिकिटं मी काढली होती, आणि चुकीची काढली होती. ऐकू कमी येतं तर जवळ बसवावं, इतका सरळ हिशोब मी केला. पहिली रांग. मधल्या खुर्च्या गेलेल्या, म्हणून मोबाइलवरच्या नकाशात डावीकडच्या दोन घेतल्या. त्या नकाशात स्टेज खालच्या बाजूला दाखवलेलं होतं, हे मी नीट पाहिलंच नाही. स्टेज खाली असेल तर नकाशातलं डावं म्हणजे स्टेजकडे तोंड करून बसल्यावरचं आपलं उजवं. आम्ही जाऊन बसलो ते उजव्या भिंतीकडे, स्पीकरच्या भल्यामोठ्या खोक्यापासून जेमतेम तीन-चार पावलांवर. (नाट्यगृहाचं नाव सांगत नाही. दोष खुर्ची निवडण्यातला होता.)

तिथे काय झालं ते मला नंतर उमगलं. नट बोलतोय डावीकडे सोफ्यावर आणि आवाज येतोय उजवीकडच्या खोक्यातून. खोकं जवळ असल्यामुळे त्याचा आवाज आधी पोहोचतो आणि कान त्यालाच खरा मानतो. तरुण कान दोन्हींची सांगड घालून घेतात. बाबांचे डोळे ओठांकडे आणि कान खोक्याकडे, असं दीड तास चाललं होतं. त्यात स्टेजची कड जवळपास डोळ्यांच्या उंचीवर, त्यामुळे मागे उभ्या असलेल्या नटांचे पाय कापलेले दिसायचे. आणि मान सतत वर. डोकं जड होणारच.

पुढच्या आठवड्यात मशीनच्या तपासणीसाठी गेलो तेव्हा मी ऑडिऑलॉजिस्टबाईंना नाटकाचंच विचारलं. त्यांनी जे सांगितलं त्याने माझा सगळा हिशोबच बदलला. म्हातारपणी बहिरेपण येतं ते बहुतेक वेळा वरच्या पट्टीच्या आवाजांपासून. 'आ', 'ओ' हे स्वर नीट ऐकू येतात. 'स', 'त', 'प' ही व्यंजनं पुसट होतात. म्हणून माणूस म्हणतो, आवाज येतोय पण शब्द कळत नाही. 'पाट' म्हणाला की 'ताट', हे तो ओठांवरून आणि संदर्भावरून ताडत असतो. आवाज मोठा करून हा प्रश्न सुटत नाही, स्पष्ट यावा लागतो. दुसरं, बाबांच्या मशीनमध्ये एक सेटिंग आहे ज्यात समोरून येणारा आवाज जास्त उचलला जातो आणि बाजूचा, मागचा कमी. त्यासाठी स्टेज नाकासमोर हवं. कडेला बसून मान वळवून पाहणाऱ्याला तो फायदा अर्धाच मिळतो.

त्यांनी मशीनमधल्या 'टी' सेटिंगबद्दलही सांगितलं. नाट्यगृहात जमिनीखालून तारेचं वेटोळं फिरवलेलं असेल तर माइकवरचा आवाज थेट मशीनमध्ये येतो, मधला गोंगाट वगळून. लंडनच्या काही नाट्यगृहांमध्ये अशी सोय असते. आमच्या वाटेला आजवर ती आलेली नाही. ती सोय जिथे होईल तिथे माझ्या वडिलांसारखी कितीतरी माणसं परत नाटकाला येतील, हे मी अगदी मनापासून सांगते.

तर खुर्ची शोधायची. मी एका बुधवारी एकटीच नाटकाला गेले, बाबांना न सांगता. प्रयोगाला गर्दी बेताची होती. मागचं स्वस्त तिकीट काढलं आणि डोअरकीपर काकांना खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, "ताई, अंधार झाल्यावर फिरू नका. मध्यंतरात हला, आणि रिकामी असेल तिथे बसा. कुणी आलं तर उठा." मी पहिला अर्धा अंक खालच्या मजल्यावर शेवटून तिसऱ्या रांगेत बसले, मग प्रवेश बदलताना बाल्कनीत गेले, आणि मध्यंतरानंतर पुढे.

मागच्या रांगा बाल्कनीच्या छपराखाली येतात. तिथे आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. वरचा मोकळा भाग नसल्यामुळे नाट्यगृहात घुमणारा आवाज तिथपर्यंत उतरत नाही, आणि पंख्यांची घरघर, दार उघडल्या-मिटल्याचा आवाज मात्र शेजारी. बाबांसाठी ही जागा बाद.

बाल्कनीची पहिली रांग मला अनपेक्षितपणे आवडली. आवाज मोकळा येतो, आणि स्टेजची सगळी जमीन दिसते: कोण कुठून कुठे चाललं, प्रकाशाचं वर्तुळ कुठे पडलं, नेपथ्यातल्या दोन दारांमधलं अंतर किती. नाच असलेला कार्यक्रम, मोठा ताफा असलेलं नाटक असेल तर मी स्वतः तिथेच बसेन, आणि तिकीटही स्वस्त पडतं. पण चेहरे लहान दिसतात, ओठ तर दिसतच नाहीत. आणि बाबांचे गुडघे जिना चढायला तयार नाहीत.

मध्यंतरात मी स्टेजच्या कडेपासून मागे चालत पावलं मोजली. सातव्या रांगेपर्यंत चौदा पावलं, शेवटच्या रांगेपर्यंत अडतीस. माझं पाऊल साधारण पाऊण मीटरला कमीच. नाट्यगृहं बांधणाऱ्यांचं एक जुनं गणित आहे, की साधारण वीस मीटरच्या पुढे चेहऱ्यावरचे बारीक भाव डोळ्याला पकडता येत नाहीत. सातवी रांग म्हणजे नऊ-दहा मीटर. मी तिथे बसले आणि दुसरा अंक सुरू झाला. मान सरळ राहिली. नटांचे पाय दिसले. दोन्ही बाजूंचे स्पीकर सारख्याच अंतरावर, त्यामुळे आवाज मधून, म्हणजे जिथे नट उभे आहेत तिथून आल्यासारखा वाटला. मी कानात थोडा कापूस घातला आणि ओठ बघून बघून वाक्यं पकडायचा प्रयत्न केला. जमत होतं. नटी स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात गेली तेव्हा मात्र तिचा आवाज खाली गेला, कारण माइक पुढच्या कडेला होते. त्याला खुर्ची निवडून इलाज नाही.

मधल्या काळात आम्ही ताईकडे मुंबईला गेलो होतो. तिने बाबांना जुहूच्या पृथ्वी थिएटरला नेलं. दोनशेच्या आसपास माणसं मावतील एवढंच ते, आणि प्रेक्षक तीन बाजूंनी स्टेजला वेढून बसतात. खुर्चीला नंबर नाही, रांगेत उभं राहून आत जायचं, आणि तिसऱ्या घंटेनंतर दार बंद. ताई लवकर जाऊन रांगेत उभी राहिली, बाबा बाहेर कॅफेत बसून राहिले. त्या नाटकात माइक नव्हता, नटाचा आवाज नटाच्या तोंडातूनच येत होता. परत येताना बाबा म्हणाले, "आज मला कुणाचं तोंड बघावं लागलं नाही." ते दमले मात्र होते. कान लावून ऐकणं ही मेहनत असते, आणि दिवसभराच्या प्रवासानंतर ती जास्त होते. म्हणून पुण्यातला प्रयोग रात्रीचा नको, रविवारी दुपारी साडेबाराचा घ्यायचा, हे तेव्हाच ठरलं.

नाटकाची जाहिरात आली त्या सकाळी मी बालगंधर्वच्या तिकीट खिडकीवर गेले. मोबाइलवर तिकीट काढणं सोपं आहे, मीही एरवी तेच करते. पण नकाशातला चौकोन तुम्हाला शेजारी कोण बसणार ते सांगत नाही. खिडकीतल्या काकांपुढे प्लॅनचा कागद होता, विकलेल्या खुर्च्यांवर रेघा मारलेल्या. मी सातव्या रांगेतल्या मधल्या दोन मागितल्या. त्यांनी विचारलं, "कोण येणार?"

"वडील. कानाला मशीन आहे."

त्यांनी पेन्सिल सातव्या रांगेवर ठेवली आणि उचलली. "सहावीत बघा, ही बारा तिकिटं एकाच नावावर गेलीत. मोठा ग्रुप आहे. तुम्ही यांच्या मागे नका बसू, बोलणं चालू राहतं. आठवीत देतो. आणि तुमच्या वडिलांना मध्येच उठावं लागतं का?"

लागतं. या वयात अडीच तास बसून राहणं सगळ्यांना जमत नाही, आणि मधल्या खुर्चीतून उठायचं म्हणजे आठ-दहा जणांचे गुडघे ओलांडायचे. ही अडचण आहे म्हणूनच बाबा नाटकाच्या दिवशी सकाळपासून पाणी कमी प्यायचे, हे मला आईकडून कळलं होतं. आवाजासाठी मध्य हवा आणि उठण्यासाठी कड हवी. यात मध्याचा हट्ट मी सोडला. त्यांचा उजवा कान डाव्यापेक्षा बरा आहे. म्हणून मधल्या भागातली, पण डाव्या बाजूच्या वाटेला लागून असलेली खुर्ची घेतली. म्हणजे स्टेजचा मोठा भाग चांगल्या कानाच्या बाजूला, डावीकडे उठायला मोकळी वाट, आणि उजवीकडे मी, लागलंच तर कुजबुजायला. पैसे पहिल्या रांगेइतकेच पडले, कारण त्या प्रयोगाला पहिल्या दहा रांगांचा दर एकच होता. निघताना काकांना विचारलं, तिथून नेपथ्याचं डावं दार दिसेल ना? कडेला बसलं की आपल्याच बाजूचं दार विंगेच्या पडद्याआड जातं, आणि दिवाणखान्याच्या नाटकात सगळी मौज कोण दारातून आत येतं यातच असते. ते म्हणाले, दिसेल, अजून चार खुर्च्या बाहेर गेलात तर नाही दिसणार.

घरी तिकिटं दाखवली तर बाबा रागावले. मी नको म्हटलं होतं, म्हणाले. आईने मध्ये पडून सांगितलं, "तिने तुमच्यासाठी कानात कापूस घालून नाटक पाहिलंय." मग ते गप्प बसले. शनिवारी रात्री मशीनचे सेल नवीन घातले, समोरच्या आवाजाचं सेटिंग कुठल्या बटणाने लागतं ते दोनदा करून पाहिलं. रविवारी आम्ही अर्धा तास आधी पोहोचलो. घाईघाईने अंधारात शिरलं की डोळे आणि कान दोन्ही जुळायला वेळ लागतो, आणि नाटकातली पहिली पाच मिनिटं गेली की नात्यागोत्यांचा पत्ता लागत नाही. बाबांनी खुर्चीत बसून आधी डावीकडे, मग उजवीकडे स्पीकर कुठे आहेत ते पाहिलं. समोरची खुर्ची रिकामी होती. तिसऱ्या घंटेला एक उंच गृहस्थ येऊन बसले, पण बाबांपुढे नाही, माझ्यापुढे. मला जरा तिरकं बसावं लागलं.

पडदा वर गेला. पहिल्या दहा मिनिटांत मी स्टेजकडे कमी आणि बाबांकडे जास्त बघत होते. त्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर सैल होता. घरात शिरलेला जावई सासऱ्याला काहीतरी म्हणाला. मला ते वाक्य नीट कळलं नाही, कारण माझं लक्ष नव्हतं. सगळं थिएटर हसलं, आणि बाबा त्याच क्षणी हसले. मी त्यांना विचारलं, "काय म्हणाला तो?" त्यांनी स्टेजवरची नजर न काढता मला ते वाक्य सांगितलं, आणि हाताने गप्प बस म्हणून खूण केली.

सगळंच ऐकू आलं असं नाही. पहिल्या अंकात फोनवरचा एक प्रसंग स्टेजच्या मागच्या खिडकीपाशी होता, तो बराचसा गेला. मध्यंतरात मी त्यांना तेवढं सांगितलं. ते उठून हात-पाय मोकळे करून आले, वाटेत कुणाचे गुडघे ओलांडावे लागले नाहीत. वडा खाल्ला आणि पाणीही प्यायले.

पुढच्या गुरुवारी ते स्वतः खिडकीवर गेले, रिक्षा करून, एकटे. तीन तिकिटं आणली, या वेळी आईलाही. मी पाहिलं तर आठवी नव्हती, नववी होती. विचारलं तर म्हणाले, आठवीतून पायऱ्यांवर पडणारा उजेड डोळ्यात येत होता, एक रांग मागे घेतली की जाईल.