‘स्थानिकांना प्राधान्य’ कागदावर आणताना

आमच्या शिवारात 10 मेगावॅटचा सौर प्रकल्प येणार म्हटल्यावर गावानं पहिला हिशेब भाड्याचा केला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, वर दरवर्षी 3 टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षं 5-5 लाख. मी पंचायतीची सदस्य, पण आमचं घर मजुरीवर चालणारं. मला दिसत होती ती सोयाबीन-तुरीची 45 एकर रानं. तिथली खुरपणी-काढणी थांबली की वीस-पंचवीस बायकांचा हंगाम गेला. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही, म्हणून भाड्यात त्यांचा वाटा नाही.

भूमिपूजनाला कंपनीचे साहेब म्हणाले, “स्थानिकांना प्राधान्य देऊ.” काम सुरू झाल्यावर कळलं, कंपनीनं काम ठेकेदाराला दिलंय, त्यानं पायलिंग, म्हणजे पॅनलचे खांब रोवायचं काम, एकाला आणि चर खोदाई दुसऱ्याला. आमची अकरा पोरं चरावर लागली. हजेरीच्या वहीत काहींची नावंच नव्हती. दीड महिना पैसे नाहीत. कंपनी म्हणे ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणे पोटठेकेदाराला.

माझा भाचा पुण्यात वकिली करतो. त्याच्याकडून ‘कम्युनिटी बेनिफिट्स अॅग्रीमेंट’ हे नाव पहिल्यांदा ऐकलं. प्रकल्पातून स्थानिकांना काय मिळणार, याचा हा लेखी करार अमेरिकेत कंपनी आणि स्थानिक संघटना करतात. विजेवरच्या बस बनवणाऱ्या न्यू फ्लायर कंपनीनं 2022 मध्ये अलाबामातल्या अॅनिस्टन आणि कॅलिफोर्नियातल्या ऑन्टारिओ इथल्या कारखान्यांसाठी तो केला. नव्या भरतीत किमान 45 टक्के जागा आजवर डावललेल्या समाजांतल्या लोकांना. मला त्यात आकडा आवडला. ‘प्राधान्य’ मोजता येत नाही, माणसं मोजता येतात. आपल्याकडच्या कायद्यातलंही भाच्यानं सांगितलं, की ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती ठेका देणाऱ्या मूळ मालकाला, म्हणजे इथं कंपनीला, भरावी लागते.

एक गोष्ट अजून आमच्या हातात होती. कंपनीची केबल पंचायतीच्या रस्त्याकडेनं जायची राहिली होती. परवानगीचा ठराव बाकी होता.

आधी महिला सभा घेतली, दुसऱ्या दिवशी ग्रामसभा. कंपनीशी बोलणं सोपं गेलं, खरं भांडण गावातच झालं. स्थानिक म्हणजे कोण? जमीन दिलेल्यांचं म्हणणं, आमच्या पोरांना आधी घ्या. मी उठून बोलले, “तात्या, तुम्हाला भाडं मिळतंय. जिचा रोजगार गेला तिचं काय?” बराच गोंधळ झाला. शेवटी तात्याच म्हणाले, निम्मी नावं भूमिहीनांची घाला, त्यातही बायका आधी. दिवेलागणीला ठराव लिहून झाला.

मग कंपनीबरोबर तीन बैठका झाल्या. 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करार झाला, त्यावर कंपनी, मुख्य ठेकेदार आणि पंचायत अशा तिघांच्या सह्या. अकुशल कामातली दहापैकी सात माणसं गावची. मजुरी किमान वेतनापेक्षा कमी नाही, तीही बँकेतच. प्रत्येकाला पगारपत्रक आणि पीएफचा नंबर, हातमोजे आणि हेल्मेट कंपनीकडून. आणि ज्या एका ओळीसाठी मी सर्वांत जास्त भांडले ती अशी: पुढं कोणताही पोटठेकेदार आला तरी या अटी त्याला लागू, आणि त्यानं चुकवल्या तर जबाबदारी कंपनीची. साहेब ती ओळ दोनदा गाळून मसुदा पाठवत होते. तिसऱ्यांदा आम्ही सांगितलं, ओळ नाही तर केबलचा ठराव नाही. पोरांचे अडकलेले पैसे सहीआधी जमा झाले.

सगळं मिळालं नाही. उभारणीला शंभराच्या घरात माणसं लागली, प्रकल्प सुरू झाल्यावर काम उरतं थोडंच: पहारा, गवत काढणं, पॅनल धुणं, दुरुस्ती. आम्ही प्रकल्पाच्या पूर्ण मुदतीची हमी मागितली, मिळाली दोन वर्षांची. आज चार पहारेकरी गावचे आहेत. पॅनल धुण्याचं काम बचत गटाच्या नऊ बायकांकडे आहे, पण ते महिन्यातले मोजके दिवस. त्यांच्या गेलेल्या हंगामाची भरपाई त्यातून होत नाही, हे मी बैठकीत दर वेळी सांगते. आयटीआय झालेल्या दोन मुलींना देखभालीचं प्रशिक्षण मिळालं. त्यातली एक आता इन्व्हर्टरच्या खोलीत काम करते.

दर महिन्याच्या पाच तारखेला हजेरीपट पंचायतीत येतो. तो मी स्वतः नावानिशी वाचते आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवते. गेल्या महिन्यात एका बाईचे दोन दिवस कमी लागले होते. ते चढवून घेतले.